अँडीजच्या पायवाटेवरील वजनकाटा

पेरू देशातील कुस्को शहरातून निघालेला अरुंद लोहमार्ग उरुबांबा नदीच्या काठाकाठाने माचू पिच्चूच्या दिशेने उतरत जातो. या मार्गाच्या ८२ व्या किलोमीटरवर पिस्काकुचो नावाची लहानशी वस्ती आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवरील या ठिकाणी रोज सकाळी दोन रांगा लागतात. एका रांगेत देशोदेशींचे प्रवासी हातात पारपत्र घेऊन उभे असतात. दुसऱ्या रांगेत क्वेचुआ भाषा बोलणारे, बुटक्या पण भक्कम बांध्याचे शेतकरी पाठीवर भलीमोठी ओझी घेऊन उभे असतात. पहिल्या रांगेत कागद तपासले जातात आणि दुसऱ्या रांगेत ओझी. प्रत्येक ओझे काट्यावर चढते, आकडा पाहिला जातो, आणि तो मर्यादेत असला तरच माणसाला पुलापलीकडे सोडले जाते.

या काट्यामागे एक कायदा आहे. २००१ साली पेरूच्या संसदेने ओझी वाहणाऱ्या या माणसांसाठी २७६०७ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा संमत केला आणि एका माणसाच्या पाठीवर वीस किलोंपेक्षा अधिक भार टाकता येणार नाही, असे ठरवले. त्यापूर्वी या वाटेवर चाळीस किलोंची ओझीही वाहिली जात असत. पायांत जुन्या टायरच्या रबरापासून कापलेल्या चपला, पाठीवर निळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दोरखंडाने बांधलेले बोचके, आणि गालात कोकाच्या पानांचा गोळा, असे त्या काळच्या भारवाहकाचे रूप होते. प्रवाशाच्या छायाचित्रात तो क्वचितच दिसे, कारण प्रवासी निघण्याआधी तो पुढे गेलेला असे आणि प्रवासी पोहोचेपर्यंत त्याने तंबू उभारून चहाचे पाणी उकळत ठेवलेले असे.

ज्या वाटेसाठी हा सारा खटाटोप चालतो, ती इंका साम्राज्याने बांधलेल्या विराट मार्गजालाचा एक छोटासा तुकडा आहे. ‘कापाक न्यान’ या नावाने ओळखले जाणारे ते जाळे तीस हजार किलोमीटरांहून अधिक पसरलेले होते. आजच्या कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना या सहा देशांतून जाणाऱ्या या मार्गांना २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. चाकाची गाडी नाही, घोडा नाही, लिहिण्याची लिपी नाही, आणि तरीही हे साम्राज्य चालले. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला कुतूहल वाटावे, अशी त्याची व्यवस्था होती. तेथे नाणे नव्हते. कर श्रमाच्या रूपाने द्यावा लागे. त्या श्रमसेवेला ‘मिता’ म्हणत. मार्गांच्या कडेने धान्याची कोठारे होती, आणि त्यांतील जमाखर्च दोऱ्यांना गाठी मारून ठेवला जाई. गाठीचा प्रकार, तिची जागा, दोऱ्याचा रंग यांवरून आकडा वाचणारे ‘किपुकामायोक’ म्हणजे त्या राज्याचे दिवाणजीच. ओयांतायतांबोच्या डोंगरउतारावर वाऱ्याच्या झोतात बांधलेली अशी कोठारे आजही खालच्या गावातून दिसतात.

स्पॅनिश विजेत्यांनी या व्यवस्थेतील परतफेडीचा भाग टाकून दिला आणि सक्तीचा भाग तेवढा ठेवला. ‘मिता’ हेच नाव पुढे पोतोसीच्या चांदीच्या खाणींतील वेठबिगारीला मिळाले. नंतरच्या शतकांत डोंगरातील जमिनी मोठ्या वतनदारांच्या ताब्यात गेल्या, आणि तेथील शेतकऱ्यांना आपल्या छोट्या तुकड्याच्या मोबदल्यात मालकासाठी राबावे लागे. १९६९ च्या कृषिसुधारणा कायद्याने ती वतने मोडली. आज काट्यासमोर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या आजोबांनी ते दिवस पाहिलेले असतात. ओझे वाहणे ही त्यांच्या दृष्टीने डोंगरात फिरायला येणाऱ्यांची गंमत नव्हे. त्या शब्दाला त्यांच्या घरात जुना इतिहास आहे.

माचू पिच्चूच्या ‘शोधा’ची कथाही या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. २४ जुलै १९११ रोजी येल विद्यापीठाचे हायरम बिंगहॅम या अवशेषांपर्यंत पोहोचले ते मेल्चोर आर्तेआगा नावाच्या स्थानिक शेतकऱ्यामुळे. वाट दाखवण्यासाठी बिंगहॅम यांनी त्याला एक सोल देऊ केला. तेथील नेहमीच्या रोजंदारीच्या मानाने ही रक्कम तिप्पट-चौपट होती. वर पोहोचल्यावर दिसले की शेतकरी कुटुंबे त्या प्राचीन पायऱ्यांच्या शेतांत आधीपासूनच पीक घेत आहेत. म्हणजे या वाटेवरील पहिल्या प्रसिद्ध सहलीलाही मार्गदर्शक होता, त्याचा मोबदला ठरलेला होता आणि तो चालू दरापेक्षा चांगला होता.

आज जी चार दिवसांची पदयात्रा ‘इंका वाट’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, तिची लांबी सुमारे ४३ किलोमीटर. लांबीच्या आकड्यावरून तिची कल्पना येत नाही. पहिला दिवस सौम्य असतो. नदीकाठाने, निवडुंगांमधून, शेतांच्या कडेने वाट वाय्याबांबापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी मात्र सुमारे बाराशे मीटरची सलग चढण आहे आणि तिच्या माथ्यावर ४,२१५ मीटर उंचीची वार्मिवान्युस्का ही खिंड आहे. या नावाचा अर्थ ‘मृत स्त्रीची खिंड’. खालून पाहिल्यास डोंगराची कड आडव्या पडलेल्या स्त्रीसारखी दिसते, म्हणून हे नाव. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे. ही खिंड त्याच्या अडीचपटीहून उंच. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साधारण साठ टक्के उरतो. दहा पावले टाकायची, थांबायचे, श्वास गोळा करायचा आणि पुन्हा दहा पावले टाकायची, अशा गतीने प्रवासी चढत असताना मागून हलक्या धावेचा आवाज येतो. मार्गदर्शक ओरडून सूचना देतो, सारे डोंगराच्या बाजूला सरकतात, आणि वीस किलो पाठीवर घेतलेली माणसे एकामागून एक पुढे निघून जातात. कड्याच्या बाजूला सरकू नये, हा येथील पहिला धडा. घाईत पुढे जाणाऱ्याचा धक्का लागला तर दरी जवळ असते.

तिसरा दिवस सर्वांत लांब आणि सर्वांत देखणा. रुंकुराकायची दुसरी खिंड ओलांडली की दगडी फरसबंदीची मूळ इंकाकालीन वाट सलगपणे पायाखाली येते. सायाकमार्काचे अवशेष कड्यावर घरट्यासारखे बसलेले आहेत. पुढे फुयुपातामार्का, म्हणजे ‘ढगांवरचे गाव’. तेथील दगडी कुंडांमधून आजही पाणी खळाळते. त्यानंतर हजारो पायऱ्यांचा उतार सुरू होतो आणि उघडी माळराने मागे पडून शेवाळ, नेचे आणि ऑर्किडांचे दमट अरण्य लागते. चढणीपेक्षा हा उतार गुडघ्यांची खरी परीक्षा पाहतो, ही गोष्ट घरातील ज्येष्ठांनी विशेष ध्यानात ठेवावी. संध्याकाळी विन्याय वायना येथे शेवटचा मुक्काम पडतो. चौथ्या पहाटे इंतिपुंकू, अर्थात सूर्यद्वार, आणि तेथून खाली माचू पिच्चू.

या वाटेवर कोणालाही स्वतंत्रपणे जाता येत नाही. परवानाधारक संस्थेमार्फत, अधिकृत मार्गदर्शकासह आणि आधी नाव व पारपत्र क्रमांक नोंदवूनच प्रवेश मिळतो. दिवसाला एकूण पाचशे माणसांची मर्यादा आहे. सामान्य समजूत अशी की हे पाचशे म्हणजे पाचशे पर्यटक. प्रत्यक्षात त्यांतील सुमारे दोनशेच जागा प्रवाशांच्या आणि उरलेल्या तीनशे मार्गदर्शक, आचारी व भारवाहकांच्या. दर दोन प्रवाशांमागे तीन माणसे राबतात, तेव्हा चार दिवसांची ही सहल होते. मे ते ऑगस्ट या कोरड्या हंगामातील परवाने कित्येक महिने आधीच संपतात. फेब्रुवारीत मुसळधार पावसामुळे आणि दुरुस्तीसाठी वाट संपूर्ण बंद असते.

परवान्याची किंमत सर्वांना सारखी, वाट तीच, मुक्काम तेच. मग दोन संस्थांच्या दरांत मोठी तफावत का असते? दुकानाच्या गादीवर बसलेल्याला हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही. जेथे बाकी सारे खर्च ठरलेले असतात, तेथे स्वस्ताई एकाच जागेतून निघते. पाच माणसांऐवजी चार माणसांवर ओझे वाटायचे. त्यांना झोपायला वेगळा तंबू द्यायचा नाही. प्रवासी जेवून उठले की त्याच जेवणाच्या तंबूत, ओलसर जमिनीवर, त्यांनी रात्र काढायची. प्रवाशांचे जेवण झाल्यावर भांड्यात उरेल ते खायचे. हे सारे घडत आलेले आहे, आणि ते करणाऱ्या संस्था दुष्ट होत्या असेही नाही. ग्राहक दर विचारत होता, त्यांनी दर दिला.

कायद्याने यातील काही गोष्टी बदलल्या. किमान रोजंदारी ठरली, आणि ती दरवर्षी सरकार जाहीर करत असलेल्या कराच्या एककाशी जोडली गेली, म्हणजे महागाईबरोबर ती आपोआप वाढावी. वजनाची तपासणी सुरू झाली. मात्र काटा वाटेच्या तोंडाशी आहे, आणि चार दिवसांची वाट त्याच्या पुढे आहे. तपासणीपुरते सामान दुसऱ्याच्या पाठीवर सरकवणे अवघड नसते. म्हणूनच सहल ठरवणाऱ्याने विचारायचे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. आठ जणांच्या गटाबरोबर भारवाहक किती? त्यांची झोपण्याची सोय कोणती? पाठपिशव्या, बूट, पावसाळी कपडे संस्था देते की त्यांनी आपले आणायचे? विमा आहे का? मजुरी सहल संपताच मिळते की महिन्याने? चांगल्या संस्था या प्रश्नांची उत्तरे आनंदाने, आकड्यांसह देतात. ज्यांचे उत्तर गोलमोल येते, त्यांच्याशी व्यवहार न केलेला बरा. काही संस्था अलीकडे स्त्रियांनाही या कामावर घेऊ लागल्या आहेत. पुरुषांचेच मानले गेलेले हे काम गावातील मुलींनी पत्करणे ही त्या डोंगरांत लहान घटना नव्हे.

ओझ्याचा हा हिशेब आपल्याकडून जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एका ठिकाणी लागू पडतो, आणि ते ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. अँडीज ही बटाट्याची जन्मभूमी. येथे त्याच्या हजारो जाती आहेत; पांढरे, जांभळे, काळे, गाठाळलेले. बर्फाळ रात्री गोठवून आणि दिवसा उन्हात वाळवून केलेला ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. ओका, ओयुको, माशुआ हीही कंदमुळेच. त्यामुळे ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच सांगणाऱ्या जैन प्रवाशापुढे पहिल्याच रात्री आचारी मोठ्या प्रेमाने बटाट्याचे ताट ठेवतो. त्याची चूक काहीच नसते. मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत, तसेच ‘सिन पापा, सिन सेबोया, सिन आहो’, म्हणजे बटाट्याविना, कांद्याविना, लसणाविना, हे परवाना काढतानाच लेखी कळवावे लागते. सूप कोंबडीच्या अर्काचे नसावे, हेही वेगळे सांगावे.

एवढे कळवल्यावर मात्र उपासमारीचे कारण उरत नाही. किन्वा येथीलच, आणि तो आपल्या चाकवताच्या कुळातला. ‘किविचा’ हे दुसरे धान्य तर आपल्या राजगिऱ्याचे सख्खे भावंड. त्याच्या लाह्यांची गूळ घातलेली वडी कुस्कोच्या बाजारात पाहिली की चिक्कीच्या दुकानात उभे असल्याचा भास होतो. मका, भोपळा, घेवडा, रुंद शेंगांचा बाकला, टोमॅटो, ॲव्होकॅडो, ताजे चीज या सामग्रीवर अँडीजचा आचारी एका गॅसच्या चुलीवर जे करून दाखवतो, ते थक्क करणारे असते. चार हजार मीटर उंचीवर पाणी सत्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्यामुळे धान्य शिजायला वेळ लागतो आणि कुकर जवळ बाळगावा लागतो. पिण्याचे पाणी तर प्रत्येक मुक्कामी उकळूनच दिले जाते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी तेही आधीच सांगावे. जून-जुलैत कुस्को प्रदेशात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर मुक्कामावरील रात्रीचे जेवण सहसा सात वाजता असते. पाच वाजता चहा आणि मक्याच्या लाह्या मांडण्याची येथे पद्धत आहे. सूचना मिळाली असेल, तर त्याच वेळी पूर्ण जेवण वाढणे आचाऱ्याला जड जात नाही.

आता घरून नेलेल्या डब्यांविषयी. थेपले, खाखरे, सुकी भाजी, मेतकूट, लाडू यांच्या पिशव्या आपल्या प्रवासाचा अविभाज्य भाग असतात. परंतु भारवाहकाकडे देता येणारे प्रत्येक प्रवाशाचे सामान, झोपण्याच्या पिशवीसह, सहा-सात किलोंच्या आतच असावे लागते. कुटुंबातील दहा जणांनी ‘थोडेसेच’ म्हणून दोन-दोन किलो खाऊ अधिक घेतला, तर तो एका संपूर्ण माणसाचा भार झाला. अशा वेळी एक अतिरिक्त भारवाहक आधीच सांगून ठेवावा आणि त्याचे पैसे द्यावेत. आयत्या वेळी हे जमत नाही, कारण त्याचे नावही पाचशेंच्या यादीत असावे लागते.

प्रकृतीची काळजी हा विषय थोडक्यात सांगण्यासारखा नाही, तरी काही गोष्टी अनिवार्य आहेत. लिमाहून विमानाने थेट ३,४०० मीटरवरील कुस्कोत उतरल्यावर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही विरळ हवेची लक्षणे पुष्कळांना होतात. पदयात्रेपूर्वी दोन-तीन दिवस या उंचीवर, किंवा त्याहून उत्तम म्हणजे थोड्या खालच्या ओयांतायतांबोत, शांतपणे राहावे. लक्षणे वाढत गेली तर खाली उतरणे हाच उपाय. खर्च झालेल्या पैशांचा विचार करून वर चढत राहणे जिवावर बेतू शकते. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेथे सर्वत्र मिळणारा कोकाच्या पानांचा चहा कायदेशीर आहे. ती पाने मात्र आठवण म्हणूनही भारतात आणू नयेत. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. पेरूहून परतणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

ज्यांना इंका वाटेचा परवाना मिळत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. ६,२७१ मीटर उंचीच्या साल्कांताय शिखराखालून जाणारी पाच दिवसांची वाट अधिक उंच खिंडीतून जाते. तेथे सामान खेचरे वाहतात. आउसांगाते पर्वताभोवतीची प्रदक्षिणा त्याहून कठीण, कारण तिच्यातील काही खिंडी पाच हजार मीटरांवर आहेत. तेथे अल्पाकांचे कळप राखणारे लोक पर्वताला ‘आपू’, म्हणजे स्वामी, म्हणतात. दरवर्षी सिनाकारा खोऱ्यात भरणाऱ्या कोयुर रिती यात्रेत अस्वलाचा वेष घेतलेले भाविक हिमनदीवरून पवित्र बर्फाचे तुकडे तोडून पाठीवर खाली आणत. हिमनदी मागे सरकत चालल्याचे पाहून त्यांनी ती प्रथा बंद केली. जगातील उष्णकटिबंधीय हिमनद्यांपैकी सुमारे सत्तर टक्के पेरूत आहेत, आणि गेल्या साठ वर्षांत त्यांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र नाहीसे झाले आहे. उत्तरेकडील वायवाश पर्वतरांगेत गावांनी वेगळाच मार्ग काढला. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या पदयात्रींकडून प्रत्येक गाव स्वतः शुल्क घेते आणि पावती देते. वारंवार पैसे द्यावे लागतात म्हणून काही प्रवासी कुरकुरतात. गावाच्या हाती थेट पैसा पडण्याची याहून सोपी रीत मात्र सांगता येणार नाही.

या व्यवसायावर संसार उभा करणे किती अस्थिर आहे, ते अलीकडे दोनदा दिसले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सर्व वाटा बंद झाल्या आणि भारवाहक आपल्या शेतांकडे परतले. नंतर २०२३ च्या जानेवारीत राजकीय आंदोलनामुळे रेल्वे थांबली आणि माचू पिच्चू जवळजवळ चार आठवडे बंद राहिले. ज्यांच्याकडे मका, बटाटे आणि चार मेंढ्या होत्या, ते तगले. शेती सोडून शहरात आलेल्यांचे हाल झाले.

विन्याय वायनाच्या शेवटच्या संध्याकाळी प्रवासी आणि भारवाहक समोरासमोर उभे राहतात. नावे सांगितली जातात, वय, गाव, मुले किती. बहुतेक जण ओयांतायतांबोच्या वरच्या गावांतले किंवा लारेस खोऱ्यातले. बक्षिसी याच वेळी दिली जाते. ती सुट्या सोलांच्या नोटांत आणि प्रत्येकाच्या हातात द्यावी, एकाच्या हाती एकगठ्ठा देऊ नये, असे जाणते मार्गदर्शक सुचवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवासी कंदील लावून सूर्यद्वाराकडे जाण्यासाठी नाक्यावर रांग लावतात. भारवाहक त्याच वेळी तंबू गुंडाळून दुसऱ्या वाटेने, अंधारात, जवळजवळ धावत खोऱ्यात उतरतात. माचू पिच्चूत त्यांचे काम नसते. वर्षानुवर्षे ही वाट चालूनही ते शहर आतून पाहण्याचा योग काहींना आलेला नसतो. खाली लोहमार्गावर पहाटेची गाडी असते आणि ती गाठायची असते, कारण ती चुकली तर घरी पोहोचायला आणखी एक दिवस जातो.